दुकानात चोरी पकडली तर: पहिला अर्धा तास, पाच हजारांची रेघ आणि कलमांचा हिशेब

मी कोल्हापुरात वकिली करते. नवरात्र सुरू झालं की माझा फोन दुपारच्या वेळी वाजायला लागतो. अंबाबाईच्या दर्शनाची रांग लांबते, महाद्वार रोडवर पाय ठेवायला जागा उरत नाही आणि दुकानात एका विक्रेत्यापुढे दहा-दहा गिऱ्हाइकं उभी असतात. अशाच एका दुपारी ओळखीच्या कापड दुकानदाराचा फोन आला. "ताई, एका बाईला धरलंय. साडी पिशवीत घातली होती. मागच्या खोलीत बसवून बाहेरनं कडी लावलीय. आता काय करू?"

मी तीन प्रश्न विचारले. साडीची किंमत किती? धरून किती वेळ झाला? कुणी हात लावलाय का? उत्तरं आली: अठराशे रुपये, दोन तास आणि "पोरांनी दोन थपडा मारल्या." त्या क्षणी कायद्याच्या तराजूत दुकानदाराच्या गुन्ह्यांचं पारडं चोरी करणाऱ्या बाईच्या गुन्ह्यापेक्षा जड झालं होतं. ते कसं, हे प्रत्येक दुकानदाराला, त्याच्याकडे काम करणाऱ्या मुलांना आणि ज्यांच्या घरचं माणूस कधी अशा प्रसंगात सापडलं त्यांनाही कळायला हवं. माझ्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं. ठाण सोडून दाखवायचं, घडी घालून परत लावायचं आणि संध्याकाळी मोजताना दोन नग कमी भरायचे, यातला जीव जळणं मी लहानपणी पाहिलंय. म्हणून दोन्ही बाजूंनी लिहिते.

आधी: कुठला कायदा लागतो

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. त्या तारखेनंतरच्या चोरीला नवा कायदा, आधीच्या घटनेला जुनी ३७९ आणि ३८० ही कलमं. अजूनही बरेच जण "तीनशे एकोणऐंशी लावा" म्हणत पोलीस ठाण्यात येतात. आता साध्या चोरीचं कलम ३०३ आहे.

दुकानातल्या चोरीसाठी वेगळं कलम नाही. कलम ३०३ मध्ये चोरीची जी व्याख्या आहे तीच लागते: वस्तू जंगम म्हणजे हलवता येणारी हवी, ती दुसऱ्याच्या ताब्यात हवी, त्याची संमती नसावी, मनात अप्रामाणिक हेतू हवा आणि त्या हेतूने वस्तू हलवलेली हवी. शेवटच्या अटीकडे नीट बघा. वस्तू दुकानाबाहेर गेली पाहिजे असं कायदा म्हणत नाही. हलवली की पुरे. कायमची नेण्याचा हेतूसुद्धा लागत नाही. प्यारेलाल भार्गव खटल्यात सरकारी कार्यालयातली फाइल घरी नेऊन दुसऱ्याला देणं आणि नंतर ती परत ठेवणं हीसुद्धा चोरीच, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे.

मग साडी पिशवीत घातली तिथेच चोरी झाली का? कागदावर हो. पण कोर्टात सिद्ध करायचा असतो तो हेतू, आणि खरी अडचण तिथे येते. मॉलमध्ये किंवा उघड्या रॅकच्या दुकानात गिऱ्हाइकाने वस्तू हातात घ्यायला तुमची संमतीच असते. "बिलाला घेऊन चालले होते" एवढं म्हटलं की हेतूवर संशय उभा राहतो. म्हणून मी सांगते, ओरडण्याची घाई करू नका. माणूस बिलाचं काउंटर ओलांडून दाराकडे निघू दे. पैसे न देता काउंटर ओलांडणं हा हेतूचा सगळ्यात साधा पुरावा आहे.

काही प्रकार चोरीसारखे दिसतात, पण कलम वेगळं असतं. स्वस्त कपड्याचं लेबल काढून महागाच्या कपड्याला लावलं आणि कमी पैशात बिल केलं तर ती कलम ३१८ खालची फसवणूक. फोनवर पैसे भरल्याचं खोटं चित्र दाखवून माल नेला तर तीही फसवणूक, कारण माल तुम्ही स्वतःहून दिला, फक्त फसून दिला. फिर्याद देताना "चोरी केली" असं ढोबळ न लिहिता जे घडलं ते जसंच्या तसं लिहा. कलम लावायचं काम पोलिसांचं.

पाच हजारांची रेघ

नव्या कायद्यातला दुकानदारांना सगळ्यात जवळून लागणारा बदल हा आहे. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. पण चोरीला गेलेल्या मालाचं मूल्य ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर शिक्षा समाजसेवेची. म्हणजे कोर्ट सांगेल ते लोकोपयोगी काम, बिनमोबदला. आधीच्या कायद्यात शिक्षा म्हणून ही तरतूद नव्हती. उलट दुसऱ्यांदा दोषी ठरलेल्याला किमान एक वर्ष आणि कमाल पाच वर्षं सक्तमजुरी आणि दंड.

ही रेघ शिक्षेपुरती असती तर दुकानदाराला तिची एवढी फिकीर करावी लागली नसती. पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) परिशिष्टात पाच हजारांच्या खालची चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र धरली आहे. वरची दखलपात्र आणि अजामीनपात्र. अदखलपात्र म्हणजे पोलीस न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत आणि वॉरंटशिवाय अटकही करू शकत नाहीत. ठाण्यात एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करून तुम्हाला कोर्टाचा रस्ता दाखवतील. तो त्यांचा हलगर्जीपणा नसतो, कलम १७४ मध्ये तसंच लिहिलंय. अठराशेच्या साडीसाठी "गुन्हा का दाखल करत नाही?" म्हणून ठाण्यात आवाज चढवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

मूल्य कसं मोजायचं याचं सूत्र या कलमात दिलेलं नाही. छापील किंमत, विक्रीची किंमत की खरेदीची, यावर वाद होतो. ४,८०० ची खरेदी आणि ६,२०० चं लेबल असेल तर आरोपीचा वकील पहिल्याच तारखेला खरेदीचं बिल मागेल. म्हणून लेबल, खरेदीचं जीएसटी बिल आणि त्याच दिवशी तोच माल दुसऱ्याला विकल्याचं बिल, तिन्ही जोडा.

दुकान म्हणजे "मालमत्ता ठेवण्याची इमारत" का?

इथे गुंता आहे. कलम ३०५ राहत्या घरातल्या चोरीला सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगतं. पण त्याचे शब्द फक्त घरापुरते नाहीत. "मालमत्ता ठेवण्यासाठी वापरली जाणारी इमारत" असंही त्यात आहे. गोदाम त्यात येतंच. दुकानही येतं असं धरून पोलीस पुष्कळदा हे कलम लावतात, जुन्या ३८० च्या काळापासून. ३०५ लागलं की पाच हजारांची रेघ पुसली जाते: गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र आणि मूल्य कितीही असो.

माझं मत सांगते. रात्री बंद दुकानात घुसून माल नेला तर ३०५ रास्त आहे, त्याच्या जोडीला घरफोडीचं ३३१ ही लागतं, जिथे रात्री चोरीसाठी केलेल्या घरफोडीला चौदा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण भर दुपारी, उघड्या दुकानात, गिऱ्हाईक म्हणून आलेल्या माणसाने अठराशेची साडी उचलली तर तिथे ३०५ ओढून आणणं मला पटत नाही. संसदेने पहिल्या छोट्या चुकीला समाजसेवेची वाट काढून दिली, ती अशाने बंद होते. आरोपीच्या वकिलाने हा मुद्दा जामिनाच्या पहिल्या अर्जातच मांडावा.

बाकीची कलमं वेगाने. हिसका मारून पळाला तर ३०४, तीन वर्षांपर्यंत. नोकराने मालकाच्या ताब्यातला माल नेला तर ३०६, सात वर्षांपर्यंत. मात्र वसुलीला पाठवलेल्या माणसाने विश्वासाने हातात आलेली रक्कम खाल्ली तर तो विश्वासघात, कलम ३१६. पळून जाताना विक्रेत्याला ढकललं, चाकू दाखवला, अडवून धरलं, तर साडी अठराशेची असली तरी ती चोरी राहत नाही, ती कलम ३०९ ची जबरी चोरी होते, दहा वर्षांपर्यंत. पाच किंवा अधिक जणांनी मिळून हेच केलं तर दरोडा.

आणि एक नवं कलम आहे, ११२. टोळीतल्या माणसाने केलेल्या छोट्या चोऱ्यांना "किरकोळ संघटित गुन्हा" म्हटलंय आणि त्याच्या स्पष्टीकरणात खिसेकापूगिरीबरोबर दुकानातून माल उचलणंही नाव घेऊन टाकलंय. किमान एक, कमाल सात वर्षं. एकीने विक्रेत्याला बोलण्यात गुंतवायचं, दुसरीने लहान मूल पुढे करायचं, तिसरीने माल उचलायचा, असं गर्दीत चालतं, आणि गांधीनगरच्या घाऊक कापड बाजारात व्यापाऱ्यांना ते तोंडपाठ आहे. पण टोळी आहे हे सिद्ध करावं लागतं. तिघी एकत्र आल्या म्हणजे टोळी होत नाही.

पहिला अर्धा तास

आता जे करायचं ते क्रमाने.

माल आधी परत घ्या. मालमत्तेच्या बचावाचा हक्क तुम्हाला न्याय संहितेच्या कलम ३४ आणि ३५ ने दिलाय. चोराला दारात अडवून वस्तू काढून घेता येते, लागेल तेवढंच बळ वापरून. पण हा हक्क माल परत मिळाला की संपतो, कलम ४३ तसं स्पष्ट सांगतं. साडी काउंटरवर आल्यानंतर मारलेली थप्पड हा बचाव नसतो, ती मारहाण असते: कलम ११५, एक वर्षापर्यंत कैद.

मग लगेच ११२ वर फोन लावा आणि वेळ कागदावर टिपा. ११२ हा पोलिसांचा नंबर, वर लिहिलेल्या कलमाशी त्याचा संबंध नाही.

थांबवून ठेवायचं का? नागरिकाला अटकेचा अधिकार नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० ने दिलाय, पण अशा प्रसंगात तो फक्त त्याच्या समोर घडलेल्या दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्ह्यासाठी. त्यातही विनाकारण वेळ न घालवता, सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. म्हणजे पाच हजारांच्या खालच्या साध्या चोरीत हा अधिकारच नाही. अशा वेळी नाव, गाव विचारा, बसायला खुर्ची द्या, पाणी द्या, पोलीस येतायत असं सांगा. कडी लावू नका. कडी लावणं म्हणजे न्याय संहितेच्या कलम १२७ ची बेकायदा कैद, तिलाही एक वर्षापर्यंत शिक्षा. माणूस निघून गेलाच तर जाऊ दे. माल परत आलाय आणि कॅमेऱ्यात चेहरा आहे.

झडती घेऊ नका. पोलिसांनाही बाईची झडती बाईकडूनच आणि शालीनता राखून घ्यावी लागते. दुकानाला तर जबरदस्तीने झडतीचा अधिकारच नाही, मग विक्रेती बाई असली तरी. पिशवी दाखवा म्हणून विनंती करता येते, तिथे थांबायचं.

"दहापट भरा नाहीतर पोलिसात देतो" अशी पाटी काही दुकानांत लागलेली असते. ती आजच काढा. धाक दाखवून पैसे उकळणं ही कलम ३०८ ची खंडणी आहे आणि तिची शिक्षा साध्या चोरीच्या दुपटीहून जास्त, सात वर्षांपर्यंत. कोऱ्या कागदावर सह्या आणि धमकावून लिहून घेतलेले माफीनामे पुराव्याला उपयोगी पडत नाहीत, तुमच्याविरुद्ध मात्र वापरले जातात.

फोटो काढून व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "ही बाई चोर आहे" म्हणून टाकणं बदनामीच्या कलम ३५६ ला आमंत्रण आहे. दोषी ठरवणं कोर्टाचं काम.

अजून एक, मनापासून. कपड्यावरून, बोलीवरून, जातीवरून संशय घेऊ नका. जन्मावरून माणसाला गुन्हेगार ठरवणारा कायदा देशात १९५२ पर्यंत होता. त्याच्या कितीतरी आधी, १९१८ मध्ये, शाहू महाराजांनी करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानात अशा जातींवरची रोजची हजेरी बंद केली होती. त्या गावात दुकान चालवताना आपण कुणाकडे कशा नजरेने बघतो याची जबाबदारी आपल्यावर येते. आणि दलित-आदिवासी व्यक्तीला जातीवरून चारचौघांत अपमानित केलं तर ॲट्रॉसिटीचा गुन्हा दुकानदारावर दाखल होतो, तो दखलपात्र आणि अजामीनपात्र असतो.

ठाण्यात

ज्या हद्दीत दुकान तिथलं ठाणे: जुना राजवाडा, लक्ष्मीपुरी, शाहूपुरी, राजारामपुरी, गांधीनगर. हद्द चुकली तरी फिर्याद नाकारता येत नाही. कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने नोंदवून ती योग्य ठाण्याकडे पाठवायची असते. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर नोंद करणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या ललिता कुमारी निकालात सांगितलं. नवीन कायद्यात तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवस प्राथमिक चौकशी करता येते, तेवढं धरून चला. फिर्यादीची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. नोंद नाकारली तर पोलीस अधीक्षकांना लेखी, टपालाने. तिथेही दाद नाही लागली तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज.

फिर्यादीत लिहा: वेळ, वस्तूचं वर्णन आणि किंमत, कुणी काय पाहिलं, काउंटर कुठे आहे आणि माणूस कुठवर गेला, माल कुठे सापडला. विशेषणं नकोत.

एनसी झाली तर? तपासाचा आदेश मागण्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाता येतं. माझा सल्ला विचाराल तर माल परत मिळालाय, माणूस पहिल्यांदा सापडलाय, तर एनसीची नोंद पुरे. तोच माणूस पुन्हा सापडला तर ती नोंद कामाला येईल.

कॅमेऱ्याचं चित्रण

दुकानदारांचे सगळ्यात जास्त खटले इथे ढिले पडतात. "कॅमेऱ्यात सगळं आहे" म्हणतात आणि तारीख लागेपर्यंत डीव्हीआरवर (चित्रण साठवणाऱ्या यंत्रावर) नवीन चित्रण चढलेलं असतं. त्याच दिवशी चित्रण काढून ठेवा, घटनेच्या आधीची आणि नंतरची दहा-दहा मिनिटं धरून, कुठेही न कापता. मूळ डीव्हीआर जपा. घड्याळ पुढे-मागे असेल तर तो फरक पंचनाम्यात नोंदवून घ्या.

पेनड्राइव्ह नुसता दिला तर चालत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं: एक भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने सही केलेला, दुसरा भाग तज्ज्ञाचा, आणि फाइलची ओळख पटवणारी हॅश संख्या त्यात लिहिलेली. हे प्रमाणपत्र टाळता येत नाही हे २०२० मध्ये जालन्याच्या निवडणूक वादातून, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलाश गोरंट्याल या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने जुन्या पुरावा कायद्याखाली पक्कं केलं होतं. नव्या कायद्यात तीच अट आणखी सविस्तर झाली आहे.

सापडलेला अठराच्या आतला असेल तर

सगळं थांबवा. शाळेच्या गणवेशातल्या पोराने पेन किंवा चॉकलेट उचललं तर त्याला पट्ट्याने मारणारे दुकानदार मी पाहिलेत आणि ते पाहवत नाही.

सात वर्षांखालच्या मुलाचं कुठलंही कृत्य गुन्हाच नाही. सात ते बारा वयात समज पुरेशी नसेल तर तेच. अठरापर्यंत बाल न्याय कायदा, २०१५. साध्या चोरीसाठी मुलावर नेहमीसारखा गुन्हा दाखल होत नाही, ठाणे डायरीत नोंद होते आणि प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. लॉकअप नाही, बेड्या नाहीत. मुलाचं नाव, फोटो, चित्रण कुठेही टाकणं हा कलम ७४ खालचा गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आईबापांना फोन करा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच भागतं.

घरचं माणूस सापडलं तर

घाबरून दुकानदाराच्या हातात रोख पैसे कोंबू नका. आधी विचारा: एनसी की गुन्हा, कलम कुठलं, मूल्य किती लिहिलंय. पाच हजारांखालची साधी चोरी असेल तर जामीन हा हक्क आहे. वरची असली तरी सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही. पोलिसांनी अटकेचं कारण लेखी दाखवायचं किंवा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची हजर राहण्याची नोटीस द्यायची. अटक केलीच तर कारण सांगणं, नातेवाइकाला कळवणं, वैद्यकीय तपासणी आणि चोवीस तासांत कोर्टापुढे उभं करणं बंधनकारक आहे. सूर्यास्तानंतर सूर्योदयापर्यंत बाईला अटक करायची नाही, अपवादात्मक परिस्थितीत न्यायदंडाधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीने महिला अधिकाऱ्यानेच करायची. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं आणि अटकेत असलेली माणसं यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. १५१०० हा मदतीचा नंबर.

आजाराचा मुद्दा लपवू नका. काही माणसांना गरज नसताना उचलायची ओढ आवरत नाही. वृद्धापकाळात विस्मरणाने हातात वस्तू घेऊन बाहेर पडणारेही असतात, आणि तिथे तर हेतूच नसतो. डॉक्टरांचे जुने कागद पहिल्याच दिवशी वकिलाला द्या.

मिटवणं, निकाल आणि माल परत

३०३ ची चोरी मालाच्या मालकाला कोर्टाच्या परवानगीशिवाय मिटवता येते. ३०५ मिटवता येत नाही. त्यात समेट झाला तरी गुन्हा रद्द करायला उच्च न्यायालयात जावं लागतं. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं, त्यामुळे त्यासाठी मुंबईची रेल्वे धरावी लागत नाही.

मूल्य २०,००० पर्यंत असेल तर खटला संक्षिप्त पद्धतीने चालतो आणि त्यात तीन महिन्यांपेक्षा जास्त कैद देता येत नाही. पहिल्या गुन्ह्यात १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची मागणी करता येते. तरुण मुलामुलींच्या बाबतीत मी ती नेहमी करते.

दुकानदाराने शेवटी एक अर्ज विसरू नये. जप्त झालेली साडी मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या खोलीत पडते, पावसाळ्यात ओल धरते आणि निकाल लागेपर्यंत तिची किंमत राहत नाही. सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागितला की कोर्टात हजर करीन या हमीपत्रावर, माल परत मिळावा म्हणून न्यायदंडाधिकाऱ्याकडे लगेच अर्ज करा. फोटो काढून, वर्णनाचा कागद करून मालकाला माल सोपवता येतो, आणि खटल्यात मग तो फोटो चालतो. सोबत खरेदीचं बिल जोडा. मात्र साडीचं लेबल काढू नका आणि ताब्यात आली म्हणून कोर्ट परवानगी देईपर्यंत ती विकूही नका.